थोरला उठल्याशिवाय

नांदेड शहर संपलं की गोदावरीच्या काठानं एक कच्चा रस्ता जातो. त्या रस्त्याखाली नदीच्या पात्रात काळे खडक उतरत गेले आहेत. वरून बघणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. मलाही तसेच दिसायचे. पण तिथं गळ टाकून बसणाऱ्या मंडळींनी त्यातल्या बसायच्या प्रत्येक जागेला नाव ठेवलंय, आणि ती नावं ते घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेतात.

काठ उतरून गेलं की आधी एक सखल घळ लागते. एरवी ती कोरडी असते, दोन ढांगांत पलीकडे जाता येतं. घळीपलीकडे आडवा लांब दगड आहे, तो उंबरा. उंबऱ्यापुढे तीन दगड जवळजवळ उभे आहेत, ती चूल. तिच्या कपारीत मरळ सापडते. मग पाण्यात पाठ वर काढून बसल्यासारख्या दोन म्हशी. त्यांच्यापुढे डोह आहे, आणि रोहू, कटला असली मोठी मासळी लागते ती तिथंच. पार टोकाला फाटलेल्या कडांचा एक खडक आहे. त्याचं नाव सासू, कारण तिच्याजवळ गेलेला गळ अडकल्याशिवाय राहत नाही. हे नाव मला सांगताना तिथं गळ टाकून बसणाऱ्या एका रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे नीट बघितलं, मी कुणाची सासू असेन का याचा अंदाज घेतला आणि मगच हसला.

या सगळ्यांच्या मधोमध एक सपाट खडक आहे, तो पाट. त्याच्यापुढे पाणी उथळ. मासळीच्या दृष्टीनं ही सगळ्यात वाईट जागा, म्हणून ती कायम रिकामी असायची. माझे वडील येऊन बसले ते नेमके तिथं.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. चाकूरला त्यांचं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासळीचं नावसुद्धा हळू आवाजात घेतलं जायचं, आणि अप्पांच्या दुकानात कुणी अंडी ठेवा म्हणालं तर ते त्याला पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवायचे. आई गेली, गुडघे बोलायला लागले, तसं त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि माझ्याकडे नांदेडला आले. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. म्हणजे दिवसभर घरात अप्पा आणि भिंती.

आयुष्यभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलेला माणूस तो. सोफ्यावरही मांडी घालूनच बसायचे. पण समोर गिऱ्हाईक नाही, तराजू नाही, कुणी "अप्पा, पावशेर गूळ द्या" म्हणत नाही. आठवड्याभरात त्यांचा चेहरा उतरला. त्यात ऐकू कमी यायला लागलं. मी कानाचं मशीन आणून दिलं. ते म्हणाले, "यात सगळा गलका येतो माय, माणसाचं बोलणं तेवढं येत न्हाई." मी तोंडाळ आहे, हे सगळं गाव सांगेल. मी ओरडून म्हणाले, "मग गलका तरी ऐका!" ते त्यांना मशीनशिवाय ऐकू गेलं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून ते नदीकडे जाऊ लागले. एक दिवस घरी आले ते रागावून. नदीवरचे लोक गळाला लावायला जो चारा मळतात, त्यातली शेंगदाण्याची पेंड खवट होती म्हणे. वासावरूनच कळलं म्हणे. "असला माल मी म्हशीलासुद्धा दिला नसता," असं म्हणत दुसऱ्या दिवशी ते बाजारातून ताजी पेंड घेऊन आले. भाजली, कुटली, तिच्यात कणीक घातली, बडीशेप भाजून घातली, हिंगाची चिमूट टाकली आणि माझ्या परातीत गोळा मळला. परात माझ्या पोळ्यांची होती. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तो चारा नदीवर असा काही लागू पडला की चार दिवसांत अप्पांना तिथं मान मिळाला. गळ त्यांनी कधी हातात धरला नाही. मासा वर आला की ते तोंड फिरवून पलीकडच्या काठाकडे बघायचे. पण गोळा मळावा तो अप्पांनीच. पाटावर मांडी घालून बसायचे, मांडीवर जर्मनची थाळी, आणि चुलीवरून, म्हशीवरून लोक हाका मारायचे, "अप्पा, एक गोळा!" गिऱ्हाइकं परत आली होती. मला ते दिसत होतं आणि मनातून बरं वाटत होतं.

लातूरच्या चुलत भावाला हे कुठून तरी कळलं. तो मुद्दाम आला आणि अप्पांसमोर बसून म्हणाला, "काका, गळ्यात लिंग हाय आपल्या. मासे मारणाऱ्यात बसता, लोक काय म्हणतील?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "मी गूळ विकला तवा कुणी त्याचे लाडू केले, कुणी दारू गाळली. मी घरोघर बघायला गेलो न्हाई."

"पण हे डोळ्यासमोर होऊन राहिलंय."

"म्हणून तर मी तिकडं बघत न्हाई," अप्पा म्हणाले. भाऊ चहा पिऊन गेला.

मला मात्र ते उत्तर पटलं नव्हतं. अप्पांनाही ते पुरतं पटलं नसावं, कारण त्या दिवशी पूजेला ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. पण नदीवर जायचं काही त्यांनी सोडलं नाही.

त्या खडकांचा एक रिवाज आहे, तो सांगायला हवा. बसलेल्या माणसाला जागेवरून कुणी उठवत नाही. तो चुकीच्या जागी बसलेला असो, तुमच्या जागी बसलेला असो, त्याच्या मनानं उठेपर्यंत थांबायचं. आणि संध्याकाळी जो सगळ्यांत थोरला असेल तो उठल्याशिवाय बाकीच्यांनी गळ गुंडाळायचा नाही. थोरला उठला की सगळे उठतात. का, ते कुणाला माहीत नाही. बापजाद्यांपासून असं आहे एवढंच सांगतात. अप्पा येण्याआधी थोरले होते एक म्हातारे गवंडी. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. अप्पा येऊन बसायला लागल्यावर चाचांनी एक दिवस वयं विचारली, आणि आपल्यापेक्षा अप्पा मोठे निघाले म्हटल्यावर लगेच सांगितलं, "आजपासून तुम्ही उठले की आम्ही उठू."

गळही न धरणाऱ्या वाण्याला हा मान! अप्पा त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. दुकान बंद करायची वेळ ठरवणारा माणूस पुन्हा तेच ठरवायला लागला होता.

मी शाळा सुटल्यावर स्कूटीवरून त्यांना आणायला जायचे. वरच्या रस्त्यावरून ओरडायचे, "अप्पा, उठा!" ते ऐकायचे नाहीत, ऐकू आलं तरी ऐकायचे नाहीत. रिक्षावाला खालून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही आमचा कायदा मोडून राहिल्या. बसल्या माणसाला उठवतेत का?" मी म्हणायचे, "तुमचा कायदा खडकावर. घरी कुकर माझा आहे."

पावसाळ्यात मंडळी खाली उतरत नसत. भाद्रपदात पाऊस ओसरला, खडक पुन्हा उघडे पडले आणि सगळे जाऊन बसले. त्या दिवशी नांदेडला ऊन होतं, चांगलं कडक. पाऊस वर कुठं तरी झाला होता. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे असले की भोंगा वाजतो, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी रस्त्यावर पोचले आणि स्कूटी लावतच होते तेवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक.

मी खाली बघितलं. कुणी हललं नव्हतं.

रिक्षावाला म्हशीवर होता. त्यानं मान वळवली, पण नदीच्या वरच्या अंगाला नाही. त्यानं पाटाकडे बघितलं. चाचा चुलीजवळ होते, त्यांनीही पाटाकडे बघितलं. आणखी दोघे-तिघे होते, तेही तिकडेच बघत होते. पाटावर अप्पा गोळा मळत होते. निवांत. त्यांनी मान वर केली नाही. तसे हे सगळे पुन्हा आपापल्या दोरीकडे वळले.

मला क्षणभर कळेना की हे काय चाललंय. मग कळलं. हे थोरला उठायची वाट बघत होते. मी वरून ओरडले, "अप्पा, उठा! पाणी सोडलंय!" वारा उलटा होता. भोंगा पुन्हा वाजला. पुन्हा त्या सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं, आणि पुन्हा अप्पा बसलेलेच दिसले. रोज मी याच वेळी "उठा" म्हणून ओरडत असे, त्यामुळे माझ्या ओरडण्यात त्यांना वेगळं काही वाटलं नसणार.

चपला हातात घेऊन मी उतरले. घळीत पाणी आलं होतं. नुसतं घोट्याएवढं, पण आदल्या दिवशी तिथं धूळ होती. उंबरा ओलांडला, पाटावर गेले आणि अप्पांचं मनगट धरून ओढलं. थाळी उपडी झाली. ते चिडले. "बसल्याला उठवतेस?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर त्यांनी डोळे वटारले.

मी नुसतं बोट दाखवलं. टोकाची सासू दिसत नव्हती. तिच्या जागी पाणी होतं.

अप्पा उठले. ते उठले तसे सगळे उठले, आणि मग एकच धावपळ झाली. घळीत पाणी गुडघ्याच्या वर चढलं होतं, आणि पाय घट्ट ठरत नव्हता. रिक्षावाल्यानं अप्पांना पाठीवर घेतलं. चाचा मागे राहिले. ते पार होता होता घसरले, वाहत दोन हात पुढे गेले आणि एका दगडाला आपटून थांबले. त्यांना दोघांनी धरून वर काढलं. हात मोडला होता. आम्ही वर येऊन मागे बघितलं तेव्हा चूल गेली होती, म्हशी गेल्या होत्या, आणि पाटावरून गढूळ पाणी वाहत होतं.

मी भडकलेच. रस्त्यावर उभी राहून त्या सगळ्यांना म्हणाले, "कान फुटलेत का तुमचे? भोंगा ऐकू आला नाही?"

"आला की," रिक्षावाला म्हणाला. तो खाली बघत होता.

"मग उठला का नाहीत?"

चाचा मोडलेला हात छातीशी धरून बसले होते. ते म्हणाले, "अप्पा बसले होते ना बेटी. आम्ही म्हणलो, अप्पा बसलेत म्हणजे यळ हाय अजून."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांच्या कानात मशीन नव्हतं. ते सदऱ्याच्या खिशात होतं. नदीवर वाऱ्याची शिट्टी वाजते म्हणून ते रोजच काढून ठेवत, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांनी चाचांचे ओठ बघितले असावेत, किंवा आमचे चेहरे. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. अप्पांनी खिशातून मशीन काढलं, कानात घातलं, आणि चाचांच्या समोर जाऊन उभे राहिले. मग वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. चाचा "अरे, अरे, थोरले तुम्ही" म्हणत राहिले.

त्यानंतर अप्पा नदीवर गेले नाहीत.

गंमत बघा, त्यांनी नदीवरून उठावं म्हणून मी किती ओरडले असेन! आणि आता ते जाईनात तर मलाच घर खायला उठलं. ते रोज मशीन घालून बसत, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. दारावरची बेल, कुकर, गल्लीतला भाजीवाला, सगळं ऐकत. जणू नापास झालेलं पोर धडा गिरवत होतं. नदीसाठी चारा मात्र ते मळून द्यायचे. रिक्षावाला दाराशी येऊन डबा घेऊन जायचा आणि दरवेळी विचारायचा, "अप्पा, चलता का? रिक्षा खाली हाय." अप्पा मान हलवायचे.

खडक पुन्हा उघडे पडले, थंडी पडली. एकदा चाचा स्वतः आले. हात अजून झोळीत होता. मी चहा केला. चाचा म्हणाले, "अप्पा, पाट तसाच रिकामा पडलाय. कुणी बसत न्हाई."

"बसा म्हणावं कुणालाबी."

"कसं बसतील? तुम्ही उठून गेलेत, पण जागा सोडली म्हणून सांगितलं कुठं?"

अप्पा म्हणाले, "चाचा, मी दुकानात बसायचो तवा माझ्या बसण्यावर फक्त माझंच घर होतं. तिथं माझ्या बसण्यावर तुमची सगळ्यांची घरं बसली होती, आन् मला ते माहीतच नव्हतं. मला वाटलं मान हाय. ते वझं होतं. आता न्हाई झेपायचं."

"मग आम्ही भोंग्यावर उठू की. तुमच्याकडं न्हाई बघणार."

"बघताल," अप्पा म्हणाले. "तुम्ही बघितल्याशिवाय राहणार न्हाईत."

जाताना चाचा दारात थांबले आणि मला म्हणाले, "बेटी, तू सांग त्यांना. तुझं ऐकतेत." मी हो म्हणाले. सांगितलंही, कितीदा तरी. एकदा तर स्कूटीवर बसवून वरच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेले. अप्पांनी वरून पाटाकडे बघितलं, मशीन कानात नीट बसवलं आणि म्हणाले, "चल माय, वारं लई हाय." परत येताना माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलेलं होतं. मला रडू आलं, पण गाडी चालवत होते.

अप्पा वैशाखात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मशीन कानातच होतं. मी तीन-चार हाका मारल्या, मग ओरडले, मग कळलं.

त्यांना चाकूरला नेलं, आमच्या शेतात. आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, बसल्या अवस्थेतच मातीत ठेवतात. अंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, लिंग डाव्या तळहातावर ठेवलं, फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून मिरवत नेलं. खड्ड्यात उतरवताना जंगम सांगत होते, "तोंड उत्तरेला घ्या." माझा भाऊबंद खाली उतरून अप्पांना नीट करत होता. तेव्हा माझ्या मागून कुणी तरी म्हणालं, "म्हंजी नांदेडकडंच की. नदीकडं."

मी वळून बघितलं. रिक्षावाला, चाचा आणि नदीवरचे सगळे जीप करून आले होते. आमच्या भावकीपासून चार हात लांब उभे होते. चाचांचा हात आता झोळीत नव्हता, पण कोपरात वाकडाच राहिला होता.

खाली बघितलं, तर अप्पा बसले होते. मांडी घालून, गुडघ्यांवर हात, मान किंचित पुढे. पाटावर बसायचे तसेच. वर्षभर मी त्यांना कुठं बसवायला बघत होते, आणि आता ते बसले होते. कानातलं मशीन मी घरीच काढून घेतलं होतं. आता त्यांना काही ऐकायची गरज नव्हती.

भस्म टाकलं, बेलाची पानं टाकली, माती ओढली. जंगम म्हणाले, "झालं. आता मागं वळून न बघता चला." भावकी निघाली. बायका निघाल्या. मी मात्र तिथंच बांधाजवळ टेकले होते.

थोड्या वेळानं चुलत भाऊ परत आला आणि माझ्या कानाशी लागला, "अगं, ते नदीवाले बसूनच हायेत. त्यांना चला म्हणलं तर चलत न्हाईत. तू सांग."

मी मान वर केली. मातीच्या त्या ढिगाभोवती ते सगळे खाली बसले होते. उन्हात, टोप्या-रुमाल काढून. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ढिगाकडे बघत होते.

मी चाचांच्या जवळ गेले. म्हणाले, "चाचा, ऊन लागेल. चला."

चाचा म्हणाले, "कसं उठावं बेटी? थोरला बसलाय."

रिक्षावाला खाली मान घालून रडत होता.

"ते उठायचे न्हाईत आता," चाचा म्हणाले. "आन् त्यांच्या आधी आम्हाला उठता येत न्हाई. त्या दिवशी तूच उठवलं होतं आम्हाला. आजबी तूच उठव."

नदीवर रोज संध्याकाळी मी त्या माणसाला "उठा, उठा" म्हणून ओरडत आले होते. मी ढिगाशी वाकले, मातीवर हात ठेवला. माती ऊन होती. मग सरळ उभी राहिले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "उठा."

चाचा वाकड्या हातावर भार देत उठले. मग रिक्षावाला उठला, मग बाकीचे. अप्पा तेवढे बसून राहिले.